परकोटाने आखलेलं चंद्रपूर

१९०१च्या जनगणनेत चांदा, म्हणजे आजच्या चंद्रपूर शहराची लोकसंख्या १७,८०३ भरली. शहराभोवतीचा दगडी परकोट मात्र साडेपाच मैल, म्हणजे जवळजवळ नऊ किलोमीटर घेराचा. एवढ्याशा वस्तीला ही भिंत फारच सैल होत होती. एकोणिसाव्या शतकात हे शहर पाहणाऱ्या इंग्रज अधिकाऱ्यांनी त्याची नोंद करून ठेवली आहे. भिंतीच्या आत सुटी सुटी खेडी वसलेली आणि त्यांच्या मधल्या जागेत शेतं पिकत असलेली, असं त्यांना दिसलं. गोंड राजांच्या राजधानीचे दिवस सरले होते, माणसं पांगली होती, तट मात्र जागचा हलला नव्हता.

पुढच्या शंभर वर्षांत हे गणित पार उलटलं. २०११ साली चंद्रपूर महानगरपालिकेच्या हद्दीत ३,२०,३७९ माणसं मोजली गेली. भिंत तीच राहिली आणि दरवाजेही तेच चार राहिले: उत्तरेला जटपुरा, पश्चिमेला बिनबा, दक्षिणेला पठाणपुरा, पूर्वेला अंचलेश्वर. या चारांपैकी एकट्या जटपुरा गेटवर आज शहराचा बहुतेक सगळा भार आहे. सकाळी शाळेच्या वेळेला आणि संध्याकाळी बाजाराच्या वेळेला तिथे गाडी अडकली नाही असा चंद्रपूरकर सापडणं कठीण. त्या कोंडीत उभा असलेला माणूस वाहतूक पोलिसाला बोल लावतो, महापालिकेला लावतो, कधी कधी गोंड राजालाही लावतो. राजाचा इथे संबंध आहे हे खरं, पण तो समजून घ्यायला पाचशे वर्षं मागे जावं लागतं.

पंधराव्या शतकात गोंड राजांची गादी बल्लारपूरला, वर्धा नदीच्या काठी होती. गादीवर खांडक्या बल्लाळशहा होता. त्याच्या अंगावर गाठी उठल्या होत्या आणि कोणत्याही औषधाला गुण येत नव्हता, अशी कथा आहे. शिकारीला निघालेला राजा तहानेने व्याकूळ झाला. झरपट नदीचं पात्र कोरडं पडलेलं, पण एका खळग्यात पाणी दिसलं. तो ते प्यायला, त्याच पाण्याने त्याने तोंड धुतलं, आणि त्या रात्री त्याला कधी नव्हे ती शांत झोप लागली. सकाळी राणीने पाहिलं तर गाठी ओसरत होत्या. खळगा उकरला तेव्हा खडकात गाईच्या खुरांसारख्या खुणा सापडल्या. त्या जागी अंचलेश्वराचं देऊळ उभं राहिलं.

कथेचा दुसरा भाग शहराच्या आखणीचा आहे. देवळाचं काम पाहायला आलेल्या राजाला एका झुडपातून ससा बाहेर पडताना दिसला, आणि तो ससा राजाच्या कुत्र्याच्या मागे लागला. कुत्रा पुढे, ससा मागे. मोठ्या वळणांनी, मध्येच नागमोडी घेत, ही धाव बराच वेळ चालली. शेवटी कुत्र्याने उलटून सशाला मारलं. मेलेल्या सशाच्या कपाळावर चंद्रासारखा पांढरा ठिपका होता. राणीने सांगितलं, की ससा ज्या वाटेने धावला त्या वाटेवर तट बांधा आणि आत नवं शहर वसवा. जिथे दोघांची झुंज झाली तिथे बुरूज जास्त भक्कम करा. परंपरेने पायाच्या आखणीचं श्रेय तेल ठाकूर नावाच्या कारभाऱ्याला दिलं आहे.

भित्र्या सशाने शिकारी कुत्र्याला पळवलं ती जागा शूरांची, म्हणून तिथे राजधानी करावी, अशा कथा भारतात इतरत्रही सांगतात. चांद्याच्या कथेचं वेगळेपण तिच्यातल्या वाटेत आहे. परकोट ना चौकोनी आहे ना गोल. तो वाकत, आत-बाहेर होत जातो, आणि तसा का जातो याचं उत्तर लोकांनी सशाच्या पावलांत शोधलं. जमीन पाहिली तर दुसरंही उत्तर मिळतं. पश्चिमेकडून इरई येते, पूर्वेकडून झरपट येते आणि दोघी शहराच्या दक्षिणेला एकत्र होतात. ही दोन पात्रं जशी वळतात तशी भिंतही त्यांच्या मधल्या उंचवट्याला धरून वळते. तीन बाजूंना पाणी आणि एका बाजूला मोकळी जमीन अशी जागा ज्याने निवडली, त्याला नदीचाही स्वभाव ठाऊक होता आणि शत्रूचाही.

ही चौथी, उत्तरेची बाजू लक्षात ठेवायला हवी. पुढची सगळी गोष्ट तिथेच घडते.

तट एका राजाच्या हयातीत पुरा झाला नाही. पाया घालणारा बल्लाळशहा गेला, हीरशहा आला. दरवाजे आणि राजवाडा त्याच्या नावावर सांगतात. हा हीरशहा आजच्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या शेतीसाठीही मोठा माणूस. जो जंगल तोडून जमीन लागवडीला आणेल त्याला ती जमीन, आणि जो तलाव बांधील त्याला तलावाच्या पाण्याखाली येणारी जमीन, असा त्याचा नियम होता असं गॅझेटियर सांगतं. त्याच्यानंतर काही पिढ्यांनी बाबाजी बल्लाळशहा झाला. अबुल फजलच्या ‘आईन-ए-अकबरी’त त्याची नोंद आहे: हजार घोडेस्वार, चाळीस हजारांचं पायदळ. तटाचं काम संपलं ते धुंड्या रामशहाच्या काळात, सतराव्या शतकाच्या सुरुवातीच्या आसपास. म्हणजे या भिंतीला शतकाहून जास्त काळ लागला. दगड इथलाच, कारागीर इथलेच. दरवाज्यांवर गोंड राजांचं चिन्ह कोरलं गेलं: हत्तीवर स्वार झालेला सिंह.

चार मोठ्या दरवाज्यांच्या जोडीला पाच लहान वाटा ठेवल्या. त्यांना चंद्रपुरात खिडकी म्हणतात: बगड खिडकी, हनुमान खिडकी, विठोबा खिडकी, चोर खिडकी आणि मसाण खिडकी. मसाण खिडकीतून काय न्यायचं ते नावातच आलं. सैन्य, हत्ती, बैलगाड्या आणि बाजार दरवाज्यातून जात, तर पाणी आणणारी बाई, नदीवर निघालेला धोबी आणि प्रेतयात्रा खिडकीतून. रहदारीची ही वाटणी आजच्या नगररचनाकाराने आखावी इतकी विचारपूर्वक केलेली होती.

आतले रस्ते मग आपोआप ठरले. जटपुऱ्यातून आत आलेला माणूस पठाणपुऱ्याकडे जाणार, बिनब्याकडून आलेला अंचलेश्वराकडे. दरवाज्याला दरवाजा जोडणाऱ्या वाटा मोठ्या झाल्या, त्यांच्यावर पेठ बसली. जटपुरा गेटपासून गांधी चौकापर्यंतचा महात्मा गांधी मार्ग आणि त्याच्या जोडीने जाणारा कस्तुरबा मार्ग हा आजही शहराचा मुख्य बाजार आहे, आणि महानगरपालिकेची इमारतही गांधी चौकातच आहे. नावं गांधीयुगातली, पण वाटेची दिशा गोंडकालीन दरवाज्याने दिलेली. वॉर्डांची नावं ऐकली तरी जुना नकाशा उलगडतो: जटपुरा वॉर्ड, पठाणपुरा वॉर्ड, अंचलेश्वर वॉर्ड, समाधी वॉर्ड, घुटकाळा, भानापेठ.

समाधी वॉर्डामागे एक दुःखाची हकिकत आहे. राजा बीरशहाचा त्याच्याच पदरच्या हिरामण नावाच्या रजपुताने लग्नसमारंभात खून केला. राणी हिराईने नवऱ्याची देखणी समाधी बांधली, दत्तक रामशहाच्या नावाने अठराव्या शतकाच्या सुरुवातीला राज्य चालवलं आणि अंचलेश्वर दरवाज्याबाहेर झरपटीच्या काठी महाकालीचं देऊळ बांधलं. बाईच्या हाती आलेल्या राज्यात एवढं बांधकाम क्वचितच झालं असेल. तिच्या देवळाने शहराला पूर्वेकडे ओढ लावली. चैत्रात महाकालीच्या यात्रेला मराठवाड्यातून, विशेषतः नांदेडकडून, आणि तेलंगणातून माणसं येतात. त्या दिवसांत अंचलेश्वर दरवाज्याबाहेरचा रस्ता शहरातला सगळ्यांत गजबजलेला असतो. त्याच दिशेला लालपेठेत रायप्पा वैश्याने योजलेल्या आणि कधीच पुऱ्या न झालेल्या देवालयाच्या अखंड दगडातल्या अवाढव्य मूर्ती उघड्यावर पडून आहेत. चंद्रपूरला जाऊन ज्याने त्या पाहिल्या नाहीत, त्याने पुन्हा जावं.

१७५१ साली नीलकंठशहाकडून चांदा नागपूरच्या रघूजी भोसल्यांकडे गेलं. शेवटच्या गोंड राजाला बल्लारपूरच्या किल्ल्यात कैदेत ठेवलं गेलं. राजधानी नागपूरला, त्यामुळे चांद्याचं महत्त्व उतरलं, वस्ती विरळ झाली. तटाने मात्र आणखी एकदा काम केलं. मे १८१८मध्ये नागपूरच्या आप्पासाहेब भोसल्यांच्या बाजूच्या लोकांनी इंग्रजांविरुद्ध चांदा लढवलं. इंग्रजांचा कर्नल अ‍ॅडम्स तोफा घेऊन आला, त्याने आग्नेय कोपऱ्याकडून भिंतीला खिंडार पाडलं आणि २० मे रोजी शहर घेतलं. किल्लेदार गंगासिंग लढताना पडला. नद्यांची बाजू शत्रूला अडवील हा आखणीतला विश्वास तीन शतकं टिकला, तोफेपुढे टिकला नाही.

भिंत जिंकली म्हणून इंग्रजांनी ती पाडली नाही, आणि तिच्या आत राहायलाही ते गेले नाहीत. आपली कचेरी, बंगले आणि छावणी त्यांनी जटपुरा दरवाज्याबाहेर, उत्तरेच्या मोकळ्या माळावर वसवली. आतल्या राजवाड्याचं त्यांनी कारागृह केलं. २१ ऑक्टोबर १८५८ रोजी इंग्रजांविरुद्ध लढलेले वीर बाबूराव शेडमाके यांना त्या कारागृहाच्या आवारात फाशी दिलं. गोंड राजांच्या गढीत गोंड जमीनदाराला फाशी देण्यामागचा इंग्रजांचा इशारा सगळ्या मुलखाला कळला. आज ती जागा चंद्रपूर आणि गडचिरोलीतल्या आदिवासींसाठी तीर्थाइतकी आदराची आहे.

सिव्हिल लाइन्स उत्तरेला गेल्या आणि शहराचा तोल कायमचा त्या बाजूला कलला. १८६७ साली नगरपालिका झाली तेव्हा लोक आत राहत आणि सरकार बाहेर बसत होतं, मध्ये होता जटपुरा दरवाजा. कोर्टात तारीख असो, जमिनीचा कागद असो की दवाखाना असो, माणूस त्या कमानीखालून बाहेर जायचा आणि तिच्याखालूनच परत यायचा. आजच्या कोंडीचं बीज तिथे पडलं.

याच मोकळ्या बाजूला १६ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपूरनंतर दोन दिवसांनी आपल्या अनुयायांना बौद्ध धम्माची दीक्षा दिली. एवढ्या जनसमुदायाला सामावून घेणारी जागा जुन्या गल्ल्यांत कुठून मिळणार? चंद्रपूरची दीक्षाभूमी परकोटाबाहेर आहे, आणि दर ऑक्टोबरला तिच्याकडे येणारी गर्दीही उत्तरेच्या रस्त्यांवर उतरते.

रेल्वे आली तीही भिंतीला वळसा घालून. गोंदियाहून नागभीडमार्गे आलेल्या अरुंद मापाच्या गाडीचं स्थानक चांदा फोर्ट. शहराचं नाव १९६४च्या सुमारास चांद्याचं चंद्रपूर झालं, गाडीचा रूळ रुंद झाला, तरी स्थानकाच्या पाटीवर चांदाही राहिला आणि किल्लाही. १९२९मध्ये बल्लारशहा ते काझीपेठ मार्ग पुरा झाला आणि दिल्ली-मद्रास गाड्या या बाजूने धावू लागल्या. दुसरीकडे लालपेठ, बाबुपेठ, महाकाली या पूर्व-दक्षिणेच्या पट्ट्यात कोळशाच्या खाणी निघाल्या. जमिनीखाली कोळसा, वर खाण आणि कामगारांच्या चाळी, म्हणजे त्या बाजूलाही शहराला मोकळेपणाने पसरता येईना.

राहिली उत्तर. ऐंशीच्या दशकात तिकडेच दुर्गापूरला औष्णिक वीज केंद्र उभं राहिलं. १९८३ साली पहिला संच सुरू झाला आणि वाढत वाढत त्याची क्षमता २,९२० मेगावॅटवर गेली. ऊर्जानगर वसलं, तुकूम भरलं, रामनगर, वडगाव, नागपूर रस्ता, मूल रस्ता या सगळ्या दिशांनी वसाहती झाल्या. वरोरा नाका शहराच्या टोकाला होता तो मध्यात आला. बसस्थानक, जिल्हाधिकारी कार्यालय, न्यायालय, नवी महाविद्यालयं आणि मोठी रुग्णालयं बहुतेक याच बाजूला. सोनं, कापड, किराणा, भाजी मात्र अजून आतल्या पेठेत. अशा शहरात माणसं दिवसातून दोन-चार वेळा एकाच दरवाज्यातून जाणार हे ठरलेलंच आहे.

उत्तरेला शहर वाढलं ते जंगलाच्या दिशेने. ताडोबाला जाणारा मोहर्ली रस्ता दुर्गापूर, पद्मापूरवरूनच जातो. वीज केंद्राच्या आवारातली झाडी, खाणींच्या मातीच्या ढिगांवर वाढलेला झुडपांचा पट्टा आणि पलीकडचं राखीव वन यांच्यात वाघ-बिबट्याला सीमा दिसत नाही. २०२२ साली दुर्गापूर-ऊर्जानगर भागात वाघाच्या आणि बिबट्याच्या हल्ल्यात माणसं मेली तेव्हा सगळ्या महाराष्ट्राने ती बातमी वाचली. कुणी वन खात्याला दोष दिला, कुणी वाघांच्या वाढत्या संख्येला. शहर त्या बाजूला का गेलं, हा प्रश्न फारसा कुणी विचारला नाही. दोन नद्या, एक परकोट आणि कोळशाचा पट्टा यांनी तीन वाटा अडवल्या होत्या, चौथी जंगलात जात होती.

जटपुऱ्याच्या कोंडीवर तोडगे निघत आले आहेत. गांधी मार्ग आणि कस्तुरबा मार्ग एकेरी झाले, जड वाहनांना वेळ ठरवून दिली गेली, दरवाज्याच्या बाजूने भिंतीतून नवी वाट काढा अशी मागणी निवडणुकीगणिक होत राहिली. परकोट भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहे. २०१०च्या दुरुस्त कायद्याप्रमाणे संरक्षित वास्तूपासून शंभर मीटरपर्यंत नवं बांधकाम बंद आणि त्यापुढच्या दोनशे मीटरांत परवानगीशिवाय काही करता येत नाही. किल्ला एका टेकडीवर असता तर हा नियम कुणाला जाचला नसता. इथे भिंत नऊ किलोमीटर घराघरांच्या मागून जाते. बापजाद्यांचं मातीचं घर पडायला आलं तरी नव्याने बांधता येत नाही, अशी तक्रार घेऊन जुन्या वॉर्डातली माणसं वर्षानुवर्षं खेटे घालतात. त्यांची अडचण खोटी नाही. वारसा जपायचा तर त्याचा भार एकट्या गरीब शेजाऱ्याने का उचलायचा, याचं उत्तर सरकारने द्यायला हवं.

भिंत पाडून टाकली असती तर? हा प्रयोग इतरांनी केलेला आहे. ऑस्ट्रियाच्या सम्राटाने १८५७मध्ये व्हिएन्नाचा तट पाडायचा हुकूम दिला आणि त्या जागी शहराला वेढणारा भव्य गोल रस्ता झाला. मुंबईत बार्टल फ्रियरने १८६२नंतर किल्ल्याच्या भिंती उतरवल्या. तिथला चर्चगेट आता फक्त स्थानकाच्या नावात आहे. पण व्हिएन्नात तटाबाहेर मोकळ्या जागेचा मोठा पट्टा राखून ठेवलेला होता आणि मुंबईत एस्प्लनेडचं मैदान होतं, म्हणून भिंतीची जागा रस्त्याच्या, उद्यानाच्या, सार्वजनिक इमारतींच्या कामी आली. शेजारच्या नागपूरचं उदाहरण आपल्याला जास्त जवळचं. देवगडच्या बख्त बुलंदशहाने १७०२च्या सुमारास बारा खेडी जोडून ते वसवलं. नागपूरच्या तटापैकी आज महालातला गांधी गेट, म्हणजे जुना जुम्मा दरवाजा, तेवढा ठळकपणे उभा आहे. महालातल्या गल्ल्या मात्र तितक्याच अरुंद आहेत आणि वाहनंही तितकीच अडकतात. भिंत गेल्याने रस्ते रुंद होत नाहीत, कारण रस्ते भिंतीने नव्हे, त्यांच्या दोन्ही कडांच्या घरांनी धरून ठेवलेले असतात. एकदा जमिनीचे तुकडे पडले, वाटण्या झाल्या, सातबारा आणि मिळकतपत्रिका झाल्या, की रस्त्याची रेषा राज्यं बदलली तरी बदलत नाही.

परकोट चंद्रपूरला काय देतो हे पावसाळ्यात कळतं. वर्धा आणि वैनगंगेच्या खोऱ्यात एकाच वेळी पाऊस कोसळला की वर्धेचं पाणी पुढे सरकत नाही, इरई फुगते, झरपट तुंबते आणि पाणी मागे येतं. २००६, २०१३, २०२२ या तिन्ही वर्षी शहराच्या सखल भागात पूर शिरला. रहमतनगर, सिस्टर कॉलनी, पठाणपुरा दरवाज्याबाहेरचा आणि बिनबा दरवाज्याबाहेरचा भाग, ही नावं दर पुराच्या बातमीत पुन्हा पुन्हा येतात. बहुतेक ठिकाणी एकच खूण दिसते: वस्ती परकोट आणि नदी यांच्या मधल्या पट्ट्यात आहे. राजांनी हा पट्टा मोकळा सोडला होता. तो नदीचा होता. जागा स्वस्त म्हणून गेल्या पन्नास वर्षांत तिथे लोक राहायला गेले, भूखंड पडले, रस्ते झाले, दिवे आले. भरीला खाणींतून निघालेल्या मातीचे डोंगर नदीकाठी रचले गेले आणि पात्र आवळलं. पाचशे वर्षांपूर्वीच्या आखणीने आखून दिलेली पूररेषा समोर उभी असताना आपण ती ओलांडली. या शहराच्या इतिहासातली ही सगळ्यांत महागडी चूक म्हणावी लागेल.

पाण्याच्या दुसऱ्या हिशेबातही असंच झालं. परकोटाच्या आत आणि लगत तलाव होते. घुटकाळा तलाव बुजला आणि वॉर्डाचं नाव झाला. कोहिनूर तलाव मैदान झाला, त्याच्यावर आता खेळ आणि सभा होतात. रामशहाच्या नावाचा रामाळा तलाव तेवढा उरला. त्यालाही सांडपाण्याने आणि जलपर्णीने ग्रासलं होतं. २०२१मध्ये त्यासाठी शहरात उपोषण झालं, मग तलाव रिकामा करून गाळ काढायचं काम हाती घेतलं गेलं. तलाव हा जुन्या शहराचा पावसाचं पाणी मुरवणारा भाग होता. तो बुजवला की ते पाणी रस्त्यावर येणार.

ज्या शहराला भिंत नाही त्याचं कसं होतं, हे पाहायला चंद्रपूरहून पूर्वेला जावं. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरचे दोन भाग होऊन गडचिरोली जिल्हा झाला. मुख्यालयासाठी निवडलेलं गाव ना राजधानी होतं ना किल्ला. त्याची आखणी रस्त्यांनी केली. इंदिरा गांधी चौकात चार रस्ते मिळतात: चंद्रपूरचा, आरमोरी-नागपूरचा, धानोऱ्याचा आणि चामोर्शीचा. शहर त्या चार रस्त्यांना धरून लांबत गेलं. सरकारी कचेऱ्यांचं संकुल गावाबाहेर झालं, लोक त्याला कॉम्प्लेक्स म्हणतात. म्हणजे इंग्रजांनी चांद्यात केलं तेच स्वतंत्र भारतात गडचिरोलीत झालं, लोक एकीकडे आणि सरकार दुसरीकडे. जिल्ह्याचा तीन चतुर्थांशाहून अधिक भाग वनाखाली, त्यामुळे रस्त्याच्या कडेची महसुली जमीन संपली की वन कायद्याची हद्द लागते. इथे तटाचं काम जंगल करतं. २०११ला जेमतेम ५४ हजार वस्तीच्या या शहरातही चारही दिशांची वाहतूक एकाच चौकातून जाते आणि लोक तिथे अडकतात.

याच जिल्ह्यात आरमोरीजवळचं वैरागड आहे. बाबाजी बल्लाळशहाच्या नावावर सांगितला जाणारा खंदकाचा किल्ला, ‘आईन-ए-अकबरी’त उल्लेख असलेली हिऱ्यांची खाण, भंडारेश्वराचं देऊळ. एकेकाळी चांद्याच्या तोडीचं महत्त्व असलेलं हे ठाणं आज मोठं गाव एवढंच आहे. हमरस्ता आरमोरीवरून गेला, रेल्वे वडसा-देसाईगंजवरून गेली. बल्लारपुराला याच्या उलट नशीब मिळालं. राजधानी गेली तरी पुढे रेल्वेचं जंक्शन आणि कागद कारखाना आला आणि शहर वर्धेकाठच्या किल्ल्यापासून दूर, रुळांच्या बाजूला वाढलं. किल्ला असला म्हणजे शहर टिकतं असं मुळीच नाही. जुनी आखणी नव्या कामाला आली तरच ती जिवंत राहते, आणि चंद्रपुरात ती आली, कारण तिच्या चार दरवाज्यांना चार दिशांचे रस्ते येऊन मिळत राहिले.

मधल्या काळात परकोटाकडे पाठ फिरवली गेली होती. बुरुजांवर वड-पिंपळ फुटले, आतल्या बाजूला कचरा साचला, भिंतीला टेकून घरं झाली. १ मार्च २०१७ रोजी इको-प्रो या चंद्रपूरच्या संस्थेच्या तरुणांनी रोज सकाळी काही तास श्रमदान करून झाडी आणि कचरा काढायला सुरुवात केली. ते काही दिवसांत थांबतील असं अनेकांना वाटलं होतं. पण हे काम शेकडो दिवस चालू राहिलं. त्याच वर्षी पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये त्याचा उल्लेख केला, पुरातत्त्व खात्याने ढासळलेल्या भागांची दुरुस्ती हाती घेतली आणि तटावरून लोक फिरायला लागले. ज्यांच्या घरामागे ही भिंत होती अशा कितीतरी मुलांनी ती वरून पहिल्यांदा तेव्हा पाहिली. वरून पाहिल्यावर इरई कुठे आहे, झरपट कुठे आहे, मधला पट्टा किती सखल आहे, हे समजावून सांगावं लागत नाही.

शहराच्या पश्चिमेला इरईवरच्या दाताळ्याच्या पुलाने आता नवी बाजू उघडली आहे. दाताळा, कोसारा भागात नवीन चंद्रपूर वसवायची योजना म्हाडाकडे आहे. पाचशे वर्षांनी प्रथमच उत्तरेशिवाय दुसरीकडे मोठं शहर होऊ घातलं आहे. तिथे कचेऱ्या, घाऊक बाजार आणि दवाखाने वेळेत गेले, तर जटपुरा गेटवरचा भार खरोखर हलका होईल. नुसत्या सदनिका गेल्या, तर नव्या चंद्रपूरचे लोकही बाजाराला जटपुऱ्यावरूनच येतील आणि कोंडी दुप्पट होईल.

म्हणून भिंतीला भगदाड पाडायच्या मागणीआधी शहराने तीन गोष्टींचा आग्रह धरायला हवा. परकोट आणि नदी यांच्या मधल्या पट्ट्यात यापुढे एकही नवी बांधकाम परवानगी देऊ नये, आणि आज तिथे राहणाऱ्यांना उंचावर हक्काची जागा द्यावी. भिंतीलगतच्या जुन्या घरांच्या दुरुस्तीची परवानगी चंद्रपुरातच, ठरलेल्या मुदतीत मिळावी. रामाळा तलावात जाणारं सांडपाणी कायमचं बंद व्हावं. विकास आराखड्यावर हरकती आणि सूचना मागवल्या जातात तेव्हा त्या बहुतेक भूखंडमालकांकडूनच येतात. पुढच्या वेळी चंद्रपूरकरांनी या तीन मागण्या लेखी द्याव्यात आणि महापालिकेकडून त्याची पोच घ्यावी.